फोटो क्लाउडवर चढवताय? आधी चाळणी लावा

एकदम सगळं अपलोडला लावू नका. ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगोंच्या एकाच थव्याचे चाळीस फोटो काढले असतील तर तीन-चार ठेवा, बाकी उडवा. गुगलचे फुकटचे १५ जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून आहेत. भसाभस टाकलंत तर मेल यायचेही बंद होतील.

फोल्डरचं नाव वर्ष-महिन्याने सुरू करा: '२०१६-०४ ठाणे शोभायात्रा'. आपोआप क्रमाने लागतात. 'नवीन फोल्डर (३)' हा प्रकार आजपासून बंद! अल्बम, चेहऱ्यांनुसार गट वगैरे नंतर बघू.

नवखे हमखास फसतात ते इथे:

- व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून आलेली प्रत जपून ठेवतात. तिचा दर्जा घटलेला असतो, काढल्याची तारीखही गेलेली असते. ज्यांनी पाठवला त्यांना तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.
- बॅकअप झाला म्हणून गुगल फोटोज अ‍ॅपमध्येच डिलीट दाबतात. तिथे क्लाउडवरूनही जातो! फोनमध्ये जागा हवी तर 'फ्री अप स्पेस' वापरा, त्याने फक्त फोनमधली प्रत जाते. चुकून गेलाच, तर बॅकअप घेतलेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये मिळतो.

घरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत असू द्याच. रात्री वायफायवर एकेक वर्ष चढवा, दोन-चार फोटो उघडून बघा, मगच पुढचं वर्ष घ्या.