वाचक विचारतात : आपलं शहर, आपले प्रश्न

प्रश्न : बाहेरगावचे पाहुणे आले की अंबाबाई, रंकाळा, न्यू पॅलेस एवढंच होतं. कोल्हापूर कसं वाढत गेलं हे कळेल असा, सकाळभरात चालून होणारा मार्ग सुचवाल का? (राजारामपुरी)

देवळापासून सुरुवात करू नका, पंचगंगा घाटाशेजारच्या ब्रह्मपुरीपासून करा. 1945-46 मध्ये या टेकाडावर उत्खनन झालं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. इथंच सापडलेली रोमन समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती आता टाउन हॉल संग्रहालयात आहे. म्हणून फेरीचा शेवट तिथं ठेवा, सोमवार मात्र टाळा.

ब्रह्मपुरीवरून गंगावेश, पापाची तिकटी, महाद्वार रोड, देऊळ, भवानी मंडप, बिंदू चौक, दसरा चौक आणि टाउन हॉल, असं तीन-साडेतीन किलोमीटर होतं. गंगावेशीत वेस शोधत बसू नका, नाव तेवढं उरलंय. बिंदू चौकात कारागृहाला लागून जुन्या तटाचा तुकडा शाबूत आहे, तो जवळ जाऊन बघा. 1782 मध्ये पन्हाळ्याहून राजधानी इथं आली. त्या काळचं गाव तटाच्या आत केवढं दाटीनं वसलं होतं, हे भवानी मंडपातून बिंदू चौकापर्यंत चालताना लगेच कळतं.

जाता जाता तळ्यांच्या जागाही ध्यानात घ्या. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आहे, वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालंय. पावसाळ्यात गांधी मैदानात पाणी साचलं की लोक गटारीला बोल लावतात. गटार तुंबतही असेल, पण मुळात ती तळ्याची खोलगट जागा, चहूकडचा उतार तिकडंच आहे.

वेळ उरला तर रिक्षानं शाहूपुरी गाठा. 1891 मध्ये रेल्वे आली आणि गावाचं तोंड पूर्वेला वळलं. 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. तिथल्या गल्ल्या सरळ आहेत, त्यांना क्रमांक आहेत. पेठांतून आलेल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

प्रश्न : नदीच्या बाजूला एक प्लॉट बघितला आहे. मालक म्हणतात, "2019 लासुद्धा पाणी आलं नव्हतं." खात्री कशी करायची? (नागाळा पार्क)

मालकाच्या शब्दावर इसार देऊ नका. आधी प्रॉपर्टी कार्ड किंवा सातबारा आणि मोजणी नकाशा घ्या. मग त्याच सर्व्हे नंबरचा झोन दाखला (जागा कोणत्या वापराची ते सांगणारा) आणि विकास आराखड्याचा भाग नकाशा काढा. जागा शहर हद्दीत असेल तर ते महापालिकेच्या नगररचना विभागात मिळतील. शहराभोवतीच्या विकास प्राधिकरणातल्या 42 गावांपैकी एखाद्या गावात असेल तर प्राधिकरणाकडं विचारा.

नकाशावर दोन रेषा शोधायच्या. निळी रेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते, तिथला प्लॉट कितीही स्वस्त मिळाला तरी सोडा. दोन रेषांच्या मधे अटींवर परवानगी मिळते. त्यात जोत्याची उंची ही मुख्य अट, आणि तो खर्च प्लॉटच्या किमतीत धरूनच भाव करा.

नंतर गल्लीत चार घरं फिरा. 2005, 2019 आणि 2021 असं प्रत्येक पुराचं वेगवेगळं विचारा. भिंतीवरची पाण्याची खूण दाखवायला सांगा आणि ती रस्त्यापासून टेपनं मोजा. दुसरा प्रश्न : पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं की गल्लीत पाणी शिरतं? तिथं इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, आणि 2019, 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं होतं. हा आकडा बंधाऱ्यावरचा आहे, तुमच्या दारातल्या पाण्याची खोली त्यावरून निघत नाही. म्हणून जुन्या रहिवाशाचं "इतक्या फुटाला आमच्यात येतं" हे सांगणं फार मोलाचं.

नदी लांब आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. नदी चढली की जयंती नाल्याला फुगवटा येतो आणि पाणी मागल्या दारानं वस्तीत शिरतं. मुरूम टाकून प्लॉट उचलला की झालं, असं सांगणारे भेटतील. त्यानं तुमचं पाणी शेजाऱ्याकडं जातं आणि भांडण तुमच्याकडं येतं.

प्रश्न : आकाश निरभ्र असूनही किरणोत्सव कधी कधी पूर्ण होत नाही, असं का? (मंगळवार पेठ)

अंबाबाईच्या मूर्तीवर मावळतीची किरणं पडण्याचा हा सोहळा वर्षातून दोनदा असतो : नोव्हेंबरात 9 ते 11 आणि नंतर 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी. हे दिवस 21-22 डिसेंबरच्या अलीकडं-पलीकडं जवळजवळ सारख्या अंतरावर आहेत. त्यामुळं दोन्ही वेळा सूर्य एकाच ठिकाणी, पश्चिमेपासून सुमारे 18 अंश दक्षिणेला मावळतो. किरणं महाद्वारातून गरुड मंडपात आणि तिथून गाभाऱ्यात पोचतात. सूर्य खाली जाईल तसं किरण आडवं होत जातं आणि उजेड मूर्तीच्या पायांकडून वर चढतो. चेहऱ्यापर्यंत पोचायला मावळतीचीच, अगदी खालची किरणं लागतात. महाद्वारापुढच्या मार्गात एखादा वाढीव मजला, पाण्याची टाकी किंवा फलक आला की नेमकी तीच अडतात.

दोष कशाचा हे उजेडावरून ओळखता येतं. तो हळूहळू पिवळट, फिका होत विझला तर हवेतली आर्द्रता किंवा धूळ. लख्ख असताना अचानक कापल्यासारखा गेला तर अडथळा बांधकामाचा.