फ्लाय ॲश विटांच्या मोल्डवर हार्डफेसिंग टिकत नाही, अँपिअर वाढवावा का?

वेल्डिंगचा करंट (अँपिअर) वाढवू नका, कमी करा. हार्डफेसिंग म्हणजे झिजणाऱ्या पृष्ठभागावर वेल्डिंगने कठीण धातूचा थर चढवणं. तुम्ही लिहिलंय की माइल्ड स्टीलच्या (साध्या पोलादाच्या) लायनर प्लेटवर, म्हणजे मोल्डच्या आतल्या झिजणाऱ्या पट्टीवर, क्रोमियम कार्बाइडच्या वेल्डिंग रॉडचा एक थर मारला, रॉडच्या पाकिटावर कठीणपणा ५८-६० एचआरसी (रॉकवेल माप) होता, तरी महिन्याभरात प्लेटला खाचा पडल्या. रॉडला दोष देण्याआधी त्या थरात तुमची प्लेट किती मिसळली ते बघा.

पाकिटावरचा आकडा खालचं लोखंड न मिसळलेल्या धातूचा असतो. समजा रॉडच्या धातूत ३० टक्के क्रोमियम आणि ५ टक्के कार्बन आहे. आर्कने (रॉड आणि प्लेटमधल्या विजेच्या ज्वाळेने) प्लेट वितळवून ३० टक्के लोखंड त्यात आणलं, तर पहिल्या थरात क्रोमियम उरतं २१ टक्के आणि कार्बन साडेतीनच्या आसपास. एवढ्यात मोठे, सुटे कार्बाइड (क्रोमियम आणि कार्बनचे कठीण कण) जेमतेम तयार होतात. आणि झीज थांबवतात ते हेच. विटांच्या मिश्रणातल्या वाळूत असलेला क्वार्ट्झ विकर्स या कठीणपणाच्या मापाने साधारण १००० ते १२००, क्रोमियम कार्बाइड १५०० च्या आसपास, तर कडक केलेलं पोलाद ७००-८००. कार्बाइड नसेल तर वाळू प्लेट खाणारच, मग वरून ती कितीही चकचकीत दिसो.

दुसरा थर मारलात तर त्यात क्रोमियम २७ टक्क्यांवर जातं, कारण आता खाली लोखंड नाही, पहिला थर आहे. म्हणून दोन थर माराच. तीनच्या वर जाऊ नका, जाड थर पापुद्र्यासारखा सुटतो.

अँपिअर पाकिटावर दिलेल्या रेंजच्या खालच्या बाजूला ठेवा. प्रत्येक बीड (वेल्डची एक ओळ) आधीच्या बीडवर निम्मा चढवा. आर्क निम्मा जुन्या धातूवर पडला की प्लेट कमी वितळते. माझ्या अनुभवात या एका सवयीने जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या रॉडनेही पडत नाही.

वेगाबद्दल मात्र बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. हात भरभर चालवला म्हणजे मिश्रण कमी, असं नाही. उलट हात सावकाश चालला तर आर्क वितळलेल्या धातूवरच राहतो आणि प्लेट वाचते. पण उष्णता वाढते: २४ व्होल्ट, १६० अँपिअर, मिनिटाला १५० मिमी वेग धरला तर मिलिमीटरला दीड किलोज्यूल, वेग निम्मा केला की तीन. पातळ लायनरला हे झेपत नाही. आमच्या शॉपमध्ये एका लायनरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग बीड मारले होते. थंड झाल्यावर प्लेट नावेसारखी वाकली आणि वीट दाबणारा पंच मोल्डच्या आत जाईना. तेव्हापासून दोन प्लेटा पाठीला पाठ लावून क्लॅम्प करतो, आणि बीड एकदा इकडे, एकदा तिकडे मारतो.

थरावर आडव्या केसासारख्या भेगा दिसतील. या रॉडला त्या पडतातच, घाबरू नका. फिनिशिंग ग्राइंडिंगनेच करावं लागेल, कापणारं टूल चालणार नाही.

हे सगळं माइल्ड स्टीलसाठी. प्लेट डी२ किंवा ईएन ३१ अशा जास्त कार्बनच्या पोलादाची असेल, तर थंड जॉबवर आर्क लावू नका. आधी नीट प्रीहीट (वेल्डिंगआधी तापवणं) हवं आणि नंतर राखेत किंवा चुन्यात हळूहळू थंड करणं हवं, नाहीतर भेग थरात न थांबता प्लेटमध्ये उतरते. प्लेट नक्की कशाची आहे ते कळवा, मग तापमान सांगता येईल.