आधी त्याची जागा राखून ठेवा

मॅडम, पहिल्या महिन्यात पाठ किती झाले याचा घोर लावून घेऊ नका. मधल्या सुट्टीत कोणतं पोर एकटं बसतं, तेवढं बघा.

आपल्या बीडकडे दिवाळीच्या आगेमागे कुटुंबं ऊसतोडीला निघतात, ती मार्च-एप्रिलात परततात. पोर वर्गात येतं तेव्हा त्याच्या जागेवर दुसरंच कुणी बसलेलं असतं. राहिलेलं गणित भरून काढता येतं, पण आपली जागा गेली हे त्याला फार लागतं.

माझ्या चौथीतली एक मुलगी अशीच परतली. आठवडाभर फक्त ‘हजर’ म्हणायची, तेही दाराकडे बघत. मी तिला प्रश्न विचारणं थांबवलं आणि खिचडीच्या ताटल्या वाटायला तिच्या जुन्या मैत्रिणीबरोबर जोडी लावून दिली. ताटल्या मोजता मोजता दोघींची कुजबुज सुरू झाली. पंधराएक दिवसांनी भागाकार सोडवायला ती आपणहून फळ्यापाशी आली. खडू हातात घट्ट धरलेला होता, अजून आठवतं.

वर्गात चिडवणं कानावर आलं की तिथल्या तिथे थांबवा. आपणही जपायचं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. सगळ्यांदेखत ‘तुला काहीच येत नाही’ म्हणणं मी त्यातच धरते.

पोर दोन दिवस आलं नाही तर घरी जा, पण जाब विचारू नका. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मित्राला सोबत न्या आणि बोलायचं काम त्यालाच करू द्या.