आमच्या गावात रस्त्याच्या भरावात कोळशाची राख टाकतायत. विहिरीचं पाणी खराब होईल का?

राख कुठे आणि कशी टाकतायत, यावर सगळं आहे.

सिमेंट किंवा काँक्रीटमध्ये मिसळलेली फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) घट्ट बांधली जाते, तिची मला काळजी वाटत नाही. पीपीसी (पोर्टलँड पोझोलाना, म्हणजे मिश्र) सिमेंटमध्ये ती 35 टक्क्यांपर्यंत असतेच, म्हणजे तुमच्या घराच्या स्लॅबमध्येही असू शकेल. भरावातली राख मात्र सुटी असते. तिच्यात आर्सेनिक, सेलेनियम, क्रोमियम, बोरॉन थोड्या प्रमाणात असतात आणि पाणी झिरपलं की ते विरघळून खाली उतरू शकतात. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस. त्यात आपला जांभा सच्छिद्र, पाणी भराभर खाली जातं. म्हणून इथे जास्त जपायला हवं.

रस्तेबांधणीचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे राखेच्या भरावाला दोन्ही बाजूंनी साधारण 1 ते 3 मीटर जाडीचं मातीचं आवरण लागतं, वरूनही मातीचा थर लागतो. जाऊन बघा: उतारावर करडी राख उघडी दिसतेय का? पावसात तिथून राखाडी ओघळ शेतात उतरतायत का? तसं असेल तर फोटो काढून पंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनीत) किंवा विहिरीला लागून सुटी राख टाकूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

विहिरीचं पाणी आत्ताच एकदा तपासून घ्या, जड धातूंसकट. नंतर तुलना करायला तोच अहवाल लागेल.