‘काळी-पांढरी’तली पांढरी म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे: गावच्या जुन्या कागदांत ‘काळी-पांढरी’ हा जोडशब्द येतो. काळी म्हणजे शेतजमीन हे कळतं, मग पांढरी म्हणजे चुनखडीचं, नापीक रान का?

नाही. पांढरी म्हणजे गावाची वस्ती जिथे आहे ती जागा, आजच्या सरकारी भाषेत गावठाण. पिकते ती काळी, नांदते ती पांढरी. दोन्ही मिळून गाव. पुढे याच शब्दाला गावकरी, गावसमाज असाही अर्थ आला, म्हणून ‘पांढरी जमली’ असं वाचलं तर तिथे माणसं समजायची. (पंढरपूरची पंढरी वेगळी. पांढरपेशातलं पांढरं कपड्यांचं, त्याचाही इथे संबंध नाही.)

शब्द देशावरचा आहे आणि तो तिथल्या मातीनेच घडवला आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलेली भिंत तडकते. म्हणून वस्तीसाठी नदीकाठचा उंचवटा किंवा मुरमाड जागा निवडली जाई. तिथे मातीची घरं पडत, त्यांच्याच ढिगाऱ्यावर नवी उठत. चुलीची राख, शेण, हाडं, भुसा हे सगळं शतकानुशतकं त्यात मुरत गेलं. त्यातून जी फिकट, राखाडी, भुसभुशीत माती तयार झाली ती पांढरी. म्हणजे ही माती निसर्गाने दिलेली नाही, माणसांच्या राहण्याने झालेली आहे. पुरातत्त्वज्ञांना म्हणूनच पांढरीची टेकाडं मोलाची वाटतात. घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीचे थर मिळाले.

पण हीच माती कामाचीही आहे, आणि त्यातच तिचा घात झाला. माळवदाच्या छतावर लाकडं, त्यावर पाला आणि वर ही माती थापतात. तिच्यात काळी मिसळली की छत उन्हाळ्यात भेगाळतं आणि पहिल्याच पावसात गळतं, म्हणून निवडक पांढरीच लागते आणि पावसाळ्याआधी वरून नवा थर द्यावा लागतो. मराठवाड्यातल्या कितीतरी गढ्यांच्या जाड भिंती याच मातीच्या आहेत. शिवाय राख-हाडांमुळे तिच्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर, म्हणून खत म्हणूनही ती गाड्या भरभरून शेतात गेली. थर एकदा उपसले की कोणती वस्तू कोणत्या काळातली हे सांगणारा पुरावाच जातो. हाती आलेलं खापर मग नुसतं खापर उरतं.

शिवारात एखाद्या शेताला ‘जुनी पांढरी’ किंवा ‘पांढरीचं रान’ म्हणत असतील, तर तिथे पूर्वी गाव असण्याची शक्यता दाट आहे. अशा उठलेल्या, म्हणजे ओस पडलेल्या गावासाठीचा ‘बेचिराख’ हा शब्दही लक्षात घ्यावा. तो राखेवरून आलेला नाही. मूळ फारसी ‘बे-चिराग’, म्हणजे जिथे दिवा लागत नाही असं गाव.

नुसत्या रंगावर मात्र जाऊ नये. चुनखडीच्या रानात पांढरे खडे सापडतात. पांढरीत खापऱ्या, राखेचे पट्टे, हाडं, बांगड्यांचे तुकडे सापडतात. नांगरटीनंतर पहिला पाऊस पडून गेला की ते वर उघडे पडतात, तेव्हा पाहावं, आणि खणू नये.