बहिरा, बधिर आणि बहिरमबुवा

अचलपूरकडच्या एका वाचकाचा प्रश्न: पाटीवर कुठं 'मूकबधिर' असतं, कुठं 'कर्णबधिर', गावात सरळ 'बयरा' म्हणतात. यातला शुद्ध कोणता? अन् 'बयरा' लिहायचा कसा?

आधी तो 'मूक' खोडा. ऐकू येत नाही त्याला मुका ठरवायची खोड काही जात नाही. गळा शाबूत असतो हो त्याचा. शब्द कानावर पडलेच नाहीत तर जिभेवर कुठून येतील? हातांनी तर तो धडाधड बोलतो. भारतीय सांकेतिक भाषेच्या कोशात २०२१ सालीच १०,००० शब्द झाले. व्याकरणही तिचं स्वतःचं, प्रश्नाची खूण शेवटी: तू, जाणं, कुठं?

आता खरी गंमत. मूळ संस्कृत 'बधिर'. प्राकृतात दोन स्वरांमध्ये सापडलेला ध झिजतो आणि नुसता ह उरतो. दधिचं दही झालं, तसंच बधिरचं बहिर, पुढं बहिरा. दही नि बहिरा एकाच विरजणाचे!

अमरावती जिल्ह्यातल्या बहिरमच्या जत्रेत हंडीतलं मटण अन् रोडगे हाणताना कुणीतरी हमखास सांगतो, नवस ऐकत नाही म्हणून देवाचं नाव बहिरम. काहीच्या बाही! तो भैरव. इथं ध नाहीच, भ आहे. त्यातला ह सुटा झाला. भैरव, बहिरव, बहिरम. देव बहिरा असता तर सातपुड्याच्या पायथ्याशी महिनाभर लोक कशाला थांबले असते?

हां, तुमचा प्रश्न. 'कर्णबधिर' ही द्विरुक्ती, असं शुद्धलेखनाचे ठेकेदार सांगतात. संस्कृतात असेल. मराठीत बधिर म्हणजे दात उपटण्याआधी डॉक्टर हिरडी करतो ते. म्हणून कर्ण लागतोच. पाटीवर तोच लिहा.

'बयरा' मात्र तोंडात आहे तसाच लिहा. शाळेला 'शाया' अन् डोळ्याला 'डोया' म्हणणाऱ्यांनी एक ह गिळला तर बिघडलं काय? लिपीला तरी कुठं सगळं पकडता येतं! चुलीतला च अन् चिमणीतला च, अक्षर एक, उच्चार दोन. वर्णमालेनं प, ब, म ओठांवरून एका ओळीत बसवले, ते झकास. पण ओठ वाचणाऱ्याची तिथंच पंचाईत. 'मामा आले' अन् 'बाबा आले' त्याला सारखंच दिसतं. दारात कोण उभं आहे ते पाहावं तेव्हा कळतं.