खानापूरजवळ बाइक घसरून हँडल पोटात लागलं, साधी सोनोग्राफी नॉर्मल. यकृताची जखम कॉन्ट्रास्ट सोनोग्राफीत कळेल का?

बऱ्याचदा कळते. साध्या सोनोग्राफीत ताजी फाट आजूबाजूच्या यकृतासारखीच दिसते, म्हणून निसटते. कॉन्ट्रास्टमध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइडचे सूक्ष्म बुडबुडे शिरेतून देतात: साधारण १.२ ते २.४ मिली, मागोमाग ५-१० मिली सलाईन. बारीक सुईतून जोरात ढकललं की बुडबुडे फुटतात. मशीनचा एमआय (मेकॅनिकल इंडेक्स, म्हणजे ध्वनिलहरींचा जोर) जास्त ठेवला तरी तेच. फाट काळी, रक्त न पोचलेली दिसते. बुडबुडे बाहेर सांडताना दिसले तर रक्तस्राव चालू आहे. बुडबुडे दिल्यापासून २ ते ५ मिनिटांच्या दरम्यान यकृत नीट बघावं. किडनीवर ताण नाही, वायू श्वासावाटे जातो. पण डायफ्रॅमखालचा (छाती-पोटामधल्या पडद्याखालचा) भाग, आतडी नजरेतून सुटू शकतात. मार जोराचा असेल तर बेळगावला सीटीच करा. बीपी पडत असेल तर यातलं काहीच नको, थेट सर्जन.